मांडीवरची गाठ

अंघोळीनंतर बाळाचं अंग पुसता पुसता आईचा हात त्याच्या डाव्या मांडीवर थांबला. कातडीखाली काहीतरी टणक लागत होतं, वाटाण्याएवढं. तिने दाबून पाहिलं. बाळ हसलं, म्हणजे दुखत नव्हतं.

गाठ कसली हे तिला कुणी सांगायला नको होतं. बाळ झाल्यापासून ती फोनवर दुसरं वाचत काय होती? लस टोचली की काही मुलांच्या मांडीत अशी गाठ राहते. आणि या घरात तर ठरलं होतं, लस टोचायचीच नाही. लस टिकावी म्हणून तिच्यात पारा घालतात, आणि पारा म्हणजे काय चीज आहे हे तिच्या नवऱ्याइतकं कुणाला ठाऊक? दवाखान्यांतली बीपीची जुनी, पाऱ्यावर चालणारी मशीनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. एकदा त्याने जिन्यात सगळ्यांना जमवून कागदावर पाऱ्याचा थेंब पळवून दाखवला होता. "हे सोडायचंय पोरांच्या अंगात? सोडा खुशाल!" तेव्हापासून बिल्डिंगमध्ये त्याचं नाव पारासाहेब पडलं, आणि दोन-तीन घरांनी आपापल्या पोरांचं टोचणं बंद केलं.

मग ही करामत कुणाची? सासूची. दुसरं कोण असणार!

"आई, माझ्यामागे बाळाला कुठे नेलं होतंत?"

सासू भाजी चिरत होती. "मी? माझे गुडघे मला धड जिना उतरू देत नाहीत, मी कुठे नेणार त्याला?"

"मांडीत गाठ आहे त्याच्या."

"अगं बाई!" सासू ताडकन उठली. गुडघ्यांबद्दल चकार शब्द न काढता उठली, तसा हिचा संशय आणखी बळावला. सासूने गाठ चाचपली. "डास चावला असेल."

"डास कातडीच्या आत जाऊन बसतो का?"

"माझ्यावर डोळे वटारू नकोस हं. मला न्यायचंच असतं ना, तर चोरून नसतं नेलं, तुझ्या नाकावर टिच्चून नेलं असतं. माझी तिन्ही मुलं मी टोचून घेऊनच वाढवली. तुझ्या पारासाहेबासकट."

हे खरं वाटत होतं. सासूच्या पोटात काही राहतच नसे. मग कामवाली? तिला तर सुईचं नाव काढलं तरी घेरी यायची.

नवरा आतल्या खोलीत मशीन उघडून बसला होता. एवढी बोलाचाली झाली तरी तो बाहेर आला नव्हता. एरवी लशीचा विषय निघाला की जेवणावरून उठून येणारा माणूस! तिच्या मनात पाल चुकचुकली. बाळाला कडेवर घेऊन ती दारात उभी राहिली.

"ऐकलंस ना?"

"हं. असेल काहीतरी."

"डॉक्टरला दाखवू या."

"कशाला? विरते ती आपोआप. थोडे दिवस लागतात."

"तुला कुणी सांगितलं?"

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. मान काही वर झाली नाही.

"फिरवून आणतो म्हणालास, तेव्हा नेलंस," ती म्हणाली.

त्याने उठून आधी दार लोटलं. "हळू बोल. मागे मुलांच्या वॉर्डात मशीन बघायला गेलो होतो. आपल्याएवढंच पोर होतं गं. डांग्या खोकला. खोकून खोकून निळं पडलं. श्वासच घेईना. माझी तर पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवशी याला उचललं आणि नेलं."

"आणि तुझा पारा?"

"डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्या मशीनमधला पारा वेगळा, हा वेगळा. तोही अगदी कणभर, आणि अंगातून निघून जातो."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"कुणालाच कसं सांगणार? बिल्डिंगमध्ये काय तोंड दाखवू?"

पोराला आता डांग्या खोकल्याची तेवढी भीती नाही, म्हणून तिला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी नवऱ्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. तेवढ्यात बेल वाजली.

वरच्या मजल्यावरची शेजारीण होती. कडेवर तान्ही मुलगी, आणि धापा टाकत बोलणं. "वहिनी, भाऊजी आहेत ना? खाली नर्सबाई आल्यात. आसपास डांग्या खोकला आहे, पोरीला टोचून घ्याच म्हणून हटून बसल्यात. भाऊजींनी जरा येऊन सुनवावं त्यांना. मला नाही बोलता येत तसं."

नवरा बाहेर आला. त्याने बायकोकडे पाहिलं, हात जोडायचेच काय ते बाकी होते.

"ज्याचा त्याचा प्रश्न आहे," तो पुटपुटला. "तुम्हाला पटेल ते करा."

"असं काय करताय भाऊजी? तुमच्याच भरवशावर तर थांबलेय मी. तुम्ही तुमच्या बाळाला दिली नाहीत, म्हणून मी माझ्या पोरीला दिली नाही."

"आमचं म्हणजे..."

"दिली," बाळाची आई म्हणाली.

शेजारीण तिच्याकडे बघतच राहिली. "कधी?"

"याला विचार. मलाही आत्ताच कळलं. तू जा खाली, टोचून घे पोरीला. मी येते बरोबर."

जिन्यातून नर्सबाईंची हाक आली. "येताय का कुणी? मी निघतेय!"

शेजारीण जागची हलली नाही. मुलीला छातीशी घट्ट धरून ती पारासाहेबाकडे बघत होती.

"भाऊजी," तिने विचारलं, "तुम्ही खोटं कधी बोललात? तेव्हा, की आत्ता?"