लिनक्सचं पुण्य

गणपतीत गावी जायची तिकिटं मिनिटाभरात संपतात, म्हणून डोंबिवलीच्या शिवरामकाकांनी चार प्रोसेसरांच्या कॉम्प्युटरवर हौसेने लिनक्स ही वेगवान सिस्टिम चढवली. बुकिंगच्या आदल्या संध्याकाळी वेग बघायला त्यालाच रामनाम लिहायला बसवलं. चौघांनी मिळून पापणी लवायच्या आत लाख नामं लिहून टाकली.

"बघ मीरा, तुझी वर्षाची साधना!" काका हसले. मीराकाकूंनी नुसते हात जोडले.

सकाळी बुकिंग उघडायच्या बेताला काका धावत आले, तर कॉम्प्युटर बंद, वर झेंडूचा हार, पुढे निरांजन.

"अगं, तिकिटं जातील सगळी!"

"अहो, हळू बोला.



लाख नामं लिहिलेल्या जिवाला आता तिकिटाच्या रांगेत उभं करायचं का?"