सरळ ठेवलेल्या चपला

ओजसने दारुड्याचं सोंग जीव तोडून वठवलं. झोकांड्या खाल्ल्या, शिव्या दिल्या, दारात आपटलासुद्धा. समोर बसलेल्या वत्सलाकाकूंना मात्र हसू आवरेना. नाटक त्यांच्या दिवंगत तबलावादक नवऱ्यावर होतं आणि त्यांची सही मिळाल्याशिवाय उभं राहणार नव्हतं.

"काकू, काय चुकलं?"

"अरे, आमचे हे पिऊन कधी पडले नाहीत. शुद्धीत असले की चपला दारात भिरकावायचे. पिऊन आले की वाकून, जोडीने, भिंतीला लावून ठेवायचे. मोठे शिस्तीचे!"

हे नवंच होतं. ओजस उत्सुकतेने पुन्हा आत आला. वाकला, चपला जुळवल्या, बोटाने एका रेषेत सरकवल्या आणि मुकाट्याने तबल्यापाशी बसला. सूर लावायची लोखंडी हातोडी मघाशी तिथेच होती, आता सापडेना.

त्याने वर पाहिलं. काकू हसत नव्हत्या. हातोडी त्यांच्या पदराखाली होती.

"सवय रे," त्या ओशाळल्या. "चपला सरळ दिसल्या की आधी ही लपवायची. आण कागद. नाटकातही असाच ये."

सही त्यांनी उजव्या हाताने केली. डावा अजून पदराखालीच होता.