सही आहे

विमानाचं नाक तारेच्या कुंपणात जाऊन अडकलं, तेव्हा इराचे दोन्ही पाय अजून ब्रेकवरच होते. दाबलं तसं पेडल सरळ तळाला टेकलं होतं. नशीब एवढंच, की विमान नुकतंच धावपट्टीकडे निघालं होतं, वेग सायकलीइतका होता आणि इंजिन तिने वेळेत बंद केलं.

ती उतरून गवतात बसली. सगळ्यात आधी धावत आले ते श्यामसुंदरकाका, झाशीच्या फ्लाइंग क्लबचे मेकॅनिक. "लागलं नाही ना, बाळ?" एवढं विचारून ते विमानात पेडलपाशी, ब्रेकचं तेल भरतात तिथे, वाकले. हातात ब्रेकच्या लाल तेलाचा डबा होता. अशा वेळी माणूस पाण्याची बाटली घेऊन धावतो, हे तेल कशाला आणलं यांनी? इराच्या मनात पाल चुकचुकली. मग काकांनी डावं चाक फडक्याने घासून घासून पुसलं आणि फडकं खाकी पँटच्या खिशात कोंबलं.

तेवढ्यात जीप आली. मुख्य प्रशिक्षक कॅप्टन अमित विमानात बसले, पेडल दोनदा दाबून पाहिलं, उतरून चाकाखाली डोकावले.

"ब्रेक तो लग रहा है. लीक भी नहीं है. आप घबरा गईं क्या?"

"नहीं सर. पेडल नीचे तक चला गया था."

कॅप्टननी वही काढली. आज इरा पहिल्यांदाच एकटीने उडायला निघाली होती. घाबरली, एवढा एक शब्द त्या वहीत पडला की संपलंच सगळं, पुन्हा कोणी तिच्या एकटीच्या हाती विमान देणार नव्हतं.

ती काकांकडे वळली. कॅप्टनना मराठी येत नव्हती.

"काका, मी सकाळी विचारलं होतं ना, ब्रेक सही आहे का? तुम्ही बोललात, सही आहे."

काकांनी शांतपणे तपासणीचा कागद पुढे केला. "ही काय. आहे ना सही? तू सहीचं विचारलंस, मी सहीचं सांगितलं. ब्रेक चांगला आहे, असं कुठे म्हणालो मी?"

इराने कागद हातात घेतला. कागदावर त्यांचं नाव होतं, वळणदार, शाई अगदी ताजी. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशी तिच्या बोलण्याची पहिल्यापासून खिचडी. चुकलं आपलंच असेल, असं तिला क्षणभर वाटलंसुद्धा. पण काकांच्या सात पिढ्या झाशीच्या बड्या बाजारात गेलेल्या. त्यांना हिंदीतलं सही कळू नये?

"क्या कह रहे हैं, श्यामसुंदर जी?" कॅप्टननी विचारलं.

काका हसले. "कुछ नहीं सर. बच्ची है, डर गई. बाकी जहाज एकदम सही है."

इरा उठली. तिने काकांच्या पँटकडे बोट दाखवलं. खिशातून लाल डाग मांडीवर उतरत चालला होता.