बारा जणींचे हात

क्रीम कंपनीच्या अधिकाऱ्याने आठव्या बाईचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि वहीत काहीतरी लिहिलं. तेलगिरणीची केमिस्ट तिसऱ्यांदा खुर्चीतून उठली.

“साहेब, लग्न झाल्यापासून एवढा वेळ कुणी हात धरला नव्हता,” बाई म्हणाली. तिच्याबरोबर डबे धुणाऱ्या बाकीच्या खिदळल्या. केमिस्टला हसू आलं नाही.

तेल काढून उरलेली सूर्यफुलाची पेंड गिरणी मातीमोल विकायची. त्याच पेंडीतून तिने तीन वर्षं खपून, फुटलेली त्वचा भरून आणणारा अर्क काढला होता. रंग नाही, वास नाही. कंपनीने तो घेतला तर तिची प्रयोगशाळा राहणार होती. नाहीतर मालकाला त्या खोलीत गोदाम हवं होतं.

चाचणी साधी होती. सोड्याने हाताला भेगा पडलेल्या बारा जणी, प्रत्येकीला दोन ट्यूब. एका हाताला अर्क घातलेलं क्रीम, दुसऱ्याला नुसतं क्रीम. कुठल्या ट्यूबमध्ये काय, हे केमिस्टलाही कळता कामा नये. म्हणून अर्काची बरणी तिने पॅकिंगमधल्या आपल्या आत्याकडे सोपवली आणि बजावलं, “तू भर. निकाल लागेपर्यंत मला अवाक्षर सांगायचं नाही.” आत्याने सहा आठवडे तोंड उघडलं नव्हतं.

बारावी बाई उठली. अधिकाऱ्याने वही मिटली.

“हात सगळ्यांचेच बरे झालेत. पण दोन्ही सारखेच. म्हणजे काम नुसत्या क्रीमनेच केलं. तुमच्या अर्काने काडीचा फरक पडलेला नाही.”

“पुन्हा एकदा बघता का?”

“मॅडम, तुम्हीच बघा. एकीच्या तरी हातांत फरक दाखवा.”

तिने चोवीस हात उजेडाला धरून पाहिले. मग ‘अर्क निष्प्रभ’ या ओळीखाली सही केली. अधिकारी गाडीत बसून निघून गेला. मालकाने खोलीचं माप घ्यायला सुताराला हाक मारली.

आत्या तिच्याजवळ येऊन बसली. “आता बोलू का?”

“बोल.”

“तोंड पाडून काय बसलीस? अगं, माझ्याबरोबरीच्या बायका त्या. एका हाताला औषध आणि दुसऱ्याला नुसतीच मलई, हे काही माझ्या मनाला पटेना. मी सगळ्याच ट्यूबमध्ये अर्क घातला.”