अडकलेलं चाक

मंगळावरच्या रोव्हरचे फोटो बघायचे आणि चाकांच्या खुणांवरून तो कुठे अडला, कुठे वळला ते सांगायचं, ही तिची नोकरी. त्याचं डावं चाक अडकलं होतं. ते फरफटत जायचं आणि मातीत लांब चर पडायचा. अर्धांगानंतर डावा पाय ओढत चालणारे बाबा तिला रोज फोनवर विचारायचे, "आमचे बंधुराज आज किती चालले?"

आज सकाळी दादाचा फोन आला. ती पोहोचली तेव्हा बाबा पलंगावर शांत पडले होते.

"झोपेतच गेले गं," दादा म्हणाला. "त्रास झाला असता तर मला हाक मारली असती ना त्यांनी?"

डॉक्टरांना आणायला तो खाली गेला. रंगारी काल संध्याकाळी भिंती घासून गेले होते. खोलीत आणि पॅसेजभर पांढरी धूळ होती. सवयीने तिची नजर खाली गेली. बाबांच्या पलंगापासून एक चर निघाला होता. दोनदा थांबत तो दादाच्या खोलीच्या दारापर्यंत गेला होता. तिथली धूळ बराच वेळ कुणी उभं राहिल्यासारखी विस्कटली होती. मग चर तसाच पलंगाकडे परत फिरला होता.

तिने फडकं ओलं केलं आणि दारापासून पलंगापर्यंत फरशी पुसून काढली.

"हे काय करत बसलीस आत्ता?" दादाने दारातूनच विचारलं.

"काही नाही. झोपेतच गेले रे, दादा. मी नीट बघितलं."