शेवटच्या पाळीचे नग

“जाळी लावून एका पाळीत चार हजार नग निघतात का?” कामगार अधिकाऱ्याने विचारलं. “मला एवढंच हवंय. निघत असतील तर चूक मुलाची. निघत नसतील तर भरपाई कंपनीची.”

म्हातारा तयारीनेच आला होता. चौतीस वर्षं त्याने त्याच प्रेसवर बिजागरीची पाती कापली होती. पट्टी सरकवायची, पायाने पेडल दाबायचं, की पातं पडतं. मध्ये लोखंडी जाळी खाली येते आणि हात बाहेर ठेवते. जाळी गुणाची, पण वेळखाऊ. ती लावून अडीच हजारांच्या वर कोणाची मजल जात नाही, हे त्या खात्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आता मात्र चार हजारांच्या आत राहिलं की नगाचा दर निम्मा होत होता. म्हणून त्याच्या जागी त्याच प्रेसवर लागलेल्या मुलाने जाळी काढून ठेवली. अकराव्या दिवशी उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मुलगा शेजारीच बसला होता, पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन.

“नाही निघत, साहेब,” म्हातारा म्हणाला. “बापजन्मात कोणी काढले नाहीत.”

मॅनेजरने फाइलीतून एक कागद काढून पुढे सरकवला. “एकाने काढलेत. जाळी लावून, चार हजार सव्वीस. आम्ही आकडा हवेतून नाही आणला. नवा कोटा यावरूनच ठरवला.”

अधिकाऱ्याने कागद वाचला आणि म्हाताऱ्याकडे पाहिलं. “हे तुमचंच नाव ना?”

तारीख त्याच्या शेवटच्या पाळीची होती.

प्रेसखात्यात एक रीत होती. निवृत्त होणाऱ्याने शेवटच्या दिवशी घाम गाळायचा नाही. येता-जाता जो तो आपल्या पेटीतली ओंजळभर पाती त्याच्या पेटीत ओतायचा. नगावर जगणारी माणसं दुसरं देणार तरी काय? त्या दिवशी म्हातारा नुसता मिरवला. दुपारनंतर तर त्याने पेडलला पायही लावला नव्हता. सुटताना आकडा फळ्यावर लागला, टाळ्या पडल्या, आणि घरी येऊन त्याने तो छाती फुगवून मुलाला सांगितला. आकडा सांगितला, ओंजळी सांगायच्या राहून गेल्या. राहून कसल्या गेल्या, त्यानेच त्या गिळल्या. आपल्या पोराने आपल्याकडे असं डोळे भरून पाहिलेलं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होतं.

तो शब्द जुळवत होता, तेवढ्यात मुलगाच बोलला.

“निघतात, साहेब. बाबांनी काढलेत. मलाच जमलं नाही.”

आवाजात तक्रार नव्हती. उलट थोडा अभिमानच होता. स्वतःची भरपाई, स्वतःची नोकरी पोरगं बापाच्या नावावरून ओवाळून टाकत होतं, आणि ते नावच खोटं होतं. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

“त्यातले हजारही माझे नाहीत, साहेब. सगळ्यांनी दिलेले आहेत. शेवटच्या दिवशी देतात आमच्यात. कोणालाही विचारा.”

मॅनेजर काहीतरी म्हणू लागला. अधिकाऱ्याने त्याला हातानेच थांबवलं आणि लिहायला घेतलं. बराच वेळ तो लिहीत होता. भरपाई मिळणार, हे आता खोलीतल्या सगळ्यांनाच कळलं होतं.

म्हातारा खाली बसला. मुलाकडे बघायचा त्याला धीर होत नव्हता. मुलगाच हळू आवाजात म्हणाला, “मी रोज विचारायचो ना तुम्हाला, बाबा, एवढे कसे काढलेत म्हणून? तुम्ही म्हणायचात, हात बसला की तुलाही जमेल.”