बोलणाऱ्याची सही

‘नॉटी’ या शब्दाचा दुसरा अर्थ कोशातून कायमचा गळला. पण ते जाऊ द्या, तसं काही झालेलंच नाही असं धरून चालू.

सोमवारी संपादकबाईंनी कार्डांचा खोका कोशकाकांच्या टेबलावर आदळला. सहायक संपादक असलेल्या काकांच्या निवृत्तीला पाच दिवस उरले होते.

“पहिला अर्थ, खोडकर. मुलं, कुत्री, मांजरं. ढीगभर कार्डं. दुसरा अर्थ, लाडिक, चावट. एकच कार्ड, तेही अर्धवट! एकतीस वर्षं काका, अंडी उबवत होतात का?”

कार्यालयाचा नियम कडक. उदाहरणाचं वाक्य कुणीतरी प्रत्यक्ष ऐकलेलं हवं. कार्डावर ऐकणाऱ्याची सही हवी, आणि त्याच्यासमोर केलेली बोलणाऱ्याचीही.

कार्डावर वाक्य होतं, ‘चेहरा एवढा साधा, पण आहेस मात्र नॉटी.’ ऐकणारी, टंकलेखिका. तिची ठसठशीत सही. शेजारची जागा कोरी.

“बोललं कोण?”

“कपाटांमागून आवाज आला म्हणाली. कार्ड भरून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, बोलणाऱ्याला तेवढं शोधून आणा.”

“मग?”

“शोध सुरू केला.”

शोध अगदी मन लावून झाला होता. काकांनी लेखापालाला विचारलं. तो चिडून आठवडाभर डबा एकटाच खात होता. शिपाई म्हणाला, “साहेब, माझं इंग्रजी कच्चं आहे,” आणि उगाचच लाजला. नळ दुरुस्तीला आलेल्या प्लंबरचाही लेखी जबाब घेतला गेला.

दर शनिवारी टंकलेखिका मशीनवर झाकण घालता घालता विचारायची, “सापडला का हो?”

“शोध चालू आहे.”

“बरं. थांबते मी.”

तीन वर्षं थांबली. मग एका शनिवारी तिनं काही विचारलंच नाही. स्वतःचा राजीनामा टाइप केला, एकही चूक न करता. लग्न करून परगावी गेली.

“आता कुठे असतात त्या?”

“गेल्या वर्षी वारली.”

संपादकबाईंनी कार्ड परत खोक्यात ठेवलं. मग म्हणाल्या, “शुक्रवारी मजकूर छपाईला जाणार, काका. सही नसेल तर अर्थ काढावा लागेल. माझा नाइलाज आहे.”

“बघतो,” काका म्हणाले.

शुक्रवारी काकांची खुर्ची रिकामी होती. टेबल स्वच्छ पुसलेलं. खोक्यावर ते कार्ड, जागा अजून कोरीच, आणि टाचणी लावलेला अर्ज.

‘विषय: बोलणारा सापडल्याबाबत. महोदया, सदर वाक्य अर्जदारानेच उच्चारले होते. सही करण्यास अर्जदार आता तयार आहे. तरी, नियमानुसार ती ऐकणारीच्या समक्ष करता यावी म्हणून, टंकलेखिकाबाईंना केवळ एका शनिवारपुरते पुन्हा कामावर बोलावून घ्यावे, ही नम्र विनंती.’